फळीवरचं वजन

माझ्या मामाला जमिनीतला खळगा सहन होत नाही. माणसांच्या स्वभावातले चालतात; माझा स्वभाव त्यानं आजवर मुकाट्यानं चालवून घेतला आहे. पण जमीन म्हटली की त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. कुणाच्या अंगणात बसायला खुर्ची दिली, तर आधी खुर्ची हलवून बघेल, मग खाली वाकून बघेल, आणि मग यजमानाकडे अशा नजरेनं बघेल की त्या बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. गावात त्याला तोंडावर 'सपाटकाका' म्हणतात आणि पाठीमागे नुसतं 'सपाट'. त्याचं डोकं तुळतुळीत असल्यामुळे नवख्या माणसाला हे नाव कुठून आलं याचा उलगडा भलतीकडेच होतो. मामा कुणाचा गैरसमज दूर करायला जात नाही.

नांगरून पडलेली, ढेकळांची, उंचसखल शेतं सारखी करून देणं हा त्याचा धंदा. ट्रॅक्टर जुना, मूळचा रंग कुठला होता ते आता मामालाही सांगता यायचं नाही. त्याच्यामागे साखळीनं बांधून तो फळ्या ओढतो, आणि या फळ्या तो स्वतः बनवतो. विकतचं अवजार त्याला आवडत नाही. "ती कारखान्यात बसून बनवतात," तो म्हणतो. "कारखान्याच्या फरशीवर कुठे ढेकळं असतात?"

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात. एक रेल्वेच्या टाकाऊ रुळाच्या दोन तुकड्यांची, ती 'रूळ'. एका जुन्या लोखंडी पलंगाची, खाली साखळ्यांची जाळी लावलेली, ती 'खाट'. पाच झिजलेले टायर एकमेकांना बांधून केलेली, ती शेवटी जमिनीवरून हात फिरवायला. आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे 'फाटक'. कुणाच्या तरी बंगल्याचं खरोखरचं फाटक होतं ते. मामानं भंगारातून उचललं, आडवं केलं, खाली धारदार पट्टी जोडली, आणि वर बसायला लाकडाची फळी ठोकली.

बसायला, कारण फळी नुसती ओढून भागत नाही. हलकी फळी ढेकळावरून टुणकन उडून पुढे जाते. तिच्यावर वजन लागतं. बाकीचे लोक दगड ठेवतात. मामा म्हणतो, दगड काही सांगत नाही. म्हणून लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या फळीवर मामी बसत आली होती. मामी अंगानं किरकोळ. पण ती पाय दुमडून, एक हात साखळीवर ठेवून बसली की खाली काय चाललं आहे ते तिला बसल्याबसल्या कळे. ट्रॅक्टरवर पुढे तोंड करून बसलेल्या नवऱ्याला ती मागून ओरडून सांगे, "अहो, इथे पोट आलंय जमिनीला, परत फिरा." मामा मुकाट्यानं परत फिरे. जगात त्यानं इतक्या बिनबोभाट दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं मला माहीत नाही.

या कामात एकच नियम. फळी चालू असताना वजनानं उठायचं नाही. फळी माती खरवडते, ती माती तिच्यासमोर गोळा होत जाते आणि पुढच्या खळग्यात आपोआप पडते. मध्येच वजन उठलं तर फळी हलकी होते, गोळा झालेल्या मातीवर चढते, आणि मागे ढीग राहतो. नवशिके असे ढीग शेतभर टाकतात. मामाच्या कामात तसा ढीग कुणी दाखवावा, असं तो भर चौकात सांगत असे आणि कुणी ब्र काढत नसे.

मामीचे डोळे चार वर्षांपूर्वी जायला लागले. कडांकडून सुरुवात झाली आणि अंधार हळूहळू मध्ये येत गेला. पहिली तीन वर्षं ती तरीही फळीवर बसत होती, कारण त्या कामाला डोळे लागतच नव्हते. मग अनोळखी शेतांत चढउतार करणं जमेना, आणि मामानं फळीवर दगड ठेवायला सुरुवात केली. मामी मात्र घरात बसली नाही. घरामागे त्यांचंच एक पडीक शेत आहे, आणि त्या शेतापलीकडे मामीच्या धाकट्या बहिणीची रोपवाटिका. मामी रोज दुपारी जेवून तिथे जायची आणि रोपांच्या काळ्या पिशव्यांत माती भरायची. त्या कामालाही बोटं पुरतात. ऊन उतरलं की काठी टेकत परत यायची.

हे मधलं शेत म्हणजे मामाच्या कपाळावरचा डाग होता. फार पूर्वी कुणीतरी विटांसाठी तिथली माती खणून नेली होती. तेव्हापासून नुसते खड्डे, टेंगळं, वाळून दगड झालेली ढेकळं. जगाची शेतं सारखी करणाऱ्या माणसाचं स्वतःचं शेत असं, यावरून लोक त्याची मनसोक्त टिंगल करत. तो हातात घ्यायचं म्हणाला की मामी म्हणे, "राहू द्या हो. आधी गिऱ्हाइकांची कामं करा." तिचा हा समंजसपणा मामा सगळ्यांना कौतुकानं सांगायचा.

पण डोळे गेल्यावर त्या शेतातून बायको एकटी जाते म्हणताना त्याचं कामात लक्ष लागत नसे. एकदा ती गुडघा खरचटून आली. तो म्हणाला, मी नेऊन सोडतो. मामीनं काठी जमिनीवर आपटली. "ज्या दिवशी मला कुणी हाताला धरून नेईल, त्या दिवसापासून मी जायची नाही. मग मला खिडकीत ठेवा कुंडीसारखी आणि पाणी घालत जा." मामी एकदा बोलली की बोलली. तेव्हापासून ती मागच्या दारातून बाहेर पडली की मामा शेडमध्ये मान खाली घालून लोखंड ठोकत बसायचा. काम असो नसो. तिला जाताना त्याला बघवत नसे.

मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांवर खेकसले आणि निवृत्त झाल्यावर दोन महिने आरामाला म्हणून मामाकडे आले. त्याच सुमारास मामीची धाकटी बहीण तिला मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेली. दहा दिवस लागणार होते. रोपवाटिकेला कुलूप लागलं. घरात मामा आणि मी.

गाडी दिसेनाशी झाली तशी मामा म्हणाला, "तिचे डोळे बरे झाले तर उत्तमच. नाही झाले, तर निदान पाय तरी ठेचकाळायला नकोत. ती यायच्या आत हे शेत मी आरसा करून टाकतो."

"फळीवर कोण बसणार?" मी विचारलं.

"तू आहेस की," मामा म्हणाला. त्यात माझ्या सत्तर किलोंचा उल्लेख नव्हता, पण मला तो ऐकू आला.

ते दहा दिवस माझ्या आयुष्यात कसे बसवायचे हे मला अजून कळलेलं नाही. ते कुठल्याच बाजूला नीट जोडता येत नाहीत. पहिले दोन दिवस 'रूळ'वर माझी हाडं खिळखिळी झाली आणि मी मामाला नाही नाही ते बोलले. तिसऱ्या दिवशी ढेकळं फुटली, मामानं 'फाटक' जोडलं, आणि सगळं बदललं. ट्रॅक्टरचा आवाज एकसुरी होत होत असा झाला की ऐकूच येईना. फळीच्या पुढे माती सरकत होती, सावकाश, आपलीआपण. तिच्यातून जुनी मुळं वर यायची, थोडा वेळ सोबत चालायची आणि परत बुडायची. धूळ उडायची पण खाली बसायची नाही. ती आमच्याबरोबर शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायची, उन्हात सोनेरी दिसायची, आणि तिच्यातून पुढे मामाचं तुळतुळीत डोकं कधी दिसायचं, कधी नाही. मी डोळे मिटायचे. उघडायचे तेव्हा आम्ही वळलेले असायचो की नाही, हे मला सांगता यायचं नाही. एकदा मला वाटलं की आम्ही जागच्या जागी आहोत आणि जमीनच खालून ओढली जाते आहे, कुणीतरी अंथरूण सारखं करताना चादर ओढावी तशी. मी तीस वर्षांत एवढं कमी बोलले नव्हते.

दुपारी शेडच्या सावलीत बसून आम्ही जेवायचो. मामा बोटानं मातीवर रेघा काढून मला सांगायचा, उद्या कुठून कुठे. एकदा मध्येच म्हणाला, "तिला सांगायचं नाही हं. पाय ठेवला की तिला कळू दे." आणि स्वतःशीच हसला. सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर तसं हसू मी पहिल्यांदाच बघत होते. मीही त्या बेतात गळ्यापर्यंत बुडाले.

नवव्या दिवशी टायर फिरवून झाले. मामानं गवंड्याची पाणसळ आणून शेतात दहा ठिकाणी ठेवली. बुडबुडा प्रत्येक वेळी मधोमध. मग त्यानं तांब्याभर पाणी जमिनीवर ओतलं. पाणी गोल पसरलं आणि तिथेच थांबलं. कुठे जावं ते त्याला कळेना. मामा त्या शेताच्या मध्यभागी उताणा झोपला, दोन्ही हात पसरून. मीही थोडी लांब जाऊन पडले. पाठीला एकही खडा टोचत नव्हता. वर नुसतं आभाळ. मला वाटलं, एखाद्याला एवढं सुख देता आलं तर जगून काहीतरी केलं म्हणायचं.

दहाव्या दिवशी मामी परत आली. घरात आल्यावर पाय धुतले, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "काही होणार नाही म्हणाले. आहे तो उजेडही राहायचा नाही. डॉक्टर चांगले होते. हे सांगताना त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली." मामा तिच्याजवळ आला. तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. पण मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारची वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी मामी जेवली, काठी घेतली आणि मागच्या दारातून निघाली. त्या दिवशी मामानं हातोडा हातात घेतला नाही. आम्ही दोघं शेडच्या कडेला उभे राहून बघत होतो.

सुरुवातीला ती नेहमीसारखी भराभर गेली. मग चाल मंदावली. काठी पुढे टेकली, डावीकडे टेकली, उजवीकडे टेकली. उजवा पाय पुढे केला आणि जमीन चाचपली, पाण्यात उतरताना चाचपतात तशी. मग ती थोडी वळली. मग आणखी थोडी. आणि रोपवाटिका सोडून तिसऱ्याच दिशेला, जिथे काहीच नव्हतं तिकडे, चालू लागली. वीसेक पावलं गेली आणि थांबली. भोवती सगळं लख्ख, सपाट, आणि मध्ये ती एकटी. मग ती हळूच खाली बसली.

मामा धावला. त्याच्यामागे मी.

"अहो," ती त्याची चाहूल ऐकून म्हणाली, "माझी वाट कुठे गेली?"

"अगं, वाट कशाला पाहिजे? सगळं शेत सारखं केलंय मी. कुठूनही जा. कुठेच ठेच लागायची नाही."

मामी बराच वेळ मातीवरून हात फिरवत राहिली. तिनं लगेच ओळखलं असणार की हे किती उत्तम काम आहे. लग्न झाल्यापासून तिनंच तर ते केलं होतं.

"दारापासून अकरा पावलं गेलं की टाच खाली जायची," ती म्हणाली. "तो विटांचा खड्डा. त्याच्या काठाकाठानं गेलं की डाव्या पायाला टेंगूळ लागायचं. मग कडक ढेकळांचा पट्टा. तिथून उजवीकडे. डोळे कधीच गेले होते हो माझे. मी पायांनी बघत होते. तेही तुम्ही पुसून टाकलंत."

मी पोस्टात असताना कुणाची माफी मागितली नाही, चूक असली तरी. त्या शेतात ती मागावीशी वाटली. हे सगळं मी फळीवर बसून, डोळे मिटून, सुखानं केलं होतं. मला लाज वाटली, आणि मामाकडे तर बघवेना.

मामानं तिला हाताला धरून घरी आणलं. तिनं हात सोडवून घेतला नाही, आणि तेच वाईट होतं.

तीन दिवस मामी खिडकीत बसून होती. मामानं घरापासून रोपवाटिकेपर्यंत दोर बांधायचं काढलं, ती म्हणाली, "गाय आहे का मी?" मग त्यानं फावडं घेऊन, आठवून आठवून, अंदाजानं चारपाच उंचवटे केले. तिला तिथे नेलं. तिनं एकावर पाय ठेवला आणि काढून घेतला. "हा इथे नव्हता." मामानं हात टेकले. त्यानं ते शेत आयुष्यभर बघितलं होतं, पण ते सारखं कसं दिसेल एवढंच बघितलं होतं. जेवताना त्याचा घास तोंडाशी थांबायचा. धाकटी म्हणाली, मी रोज येऊन घेऊन जाते. मामी म्हणाली, "नको. आता राहू दे." असं ती पूर्वी कधी म्हणाली नव्हती. मला धास्ती वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी शेडमध्ये खडखड ऐकू आली म्हणून आम्ही गेलो. मामी भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवरून हात फिरवत चालली होती. टायर, खाट, रूळ. 'फाटक' लागलं तशी थांबली.

"हे जोडा," ती म्हणाली. "आणि पहिल्या गिअरमध्ये चालवा, माझ्या चालीनं."

मामी फळीवर बसली, पाय दुमडून, हात साखळीवर. मी बाजूनं चालत होते. तिचे ओठ हलत होते. पावलं मोजत होती. माती फळीपुढे गोळा होत आली आणि ती ओरडली, "थांबा." ट्रॅक्टर थांबला. ती उठून बाजूला उभी राहिली. "चला पुढे."

मामा वळून बघत राहिला. तिला काय हवं आहे ते त्याला तेव्हा कळलं.

"अगं, ढीग पडेल."

"पडू दे."

त्यानं क्लच सोडला. हलकी झालेली फळी मातीवर चढली, पलीकडे उतरली, आणि त्या आरशासारख्या शेतात एक ढीग राहिला. मामाची मान आखडली, कुणी पाठीत चिमटा काढावा तशी. मामीनं ढिगावर पाय ठेवून बघितला, टाचेनं थोडा दाबला, आणि परत फळीवर बसली. "आता उजवीकडे. सात पावलं." असं करत आम्ही गेलो. थांबा, चला, थांबा, चला. धूळ पुन्हा तशीच तरंगत होती आणि तिच्यात मामी डोळे मिटून बसली होती, आणि ते नसलेलं शेत ती एकेक तुकडा आठवून परत मांडत होती. मोठ्या खड्ड्याच्या जागी तिनं लांबट वरंबा मागितला. ढेकळांच्या पट्ट्याच्या जागी तीन लहान ढीग, ओळीनं. सपाटकाकानं सगळे टाकले. नऊ ढीग झाले आणि रोपवाटिकेचं दार आलं.

ढिगांच्या बाजूबाजूनं परत येताना ती फळीवर बसूनच होती. शेताच्या मध्याच्या जरा अलीकडे म्हणाली, "थांबा. इथे एक."

मामानं मान वळवली. "इथे काही नव्हतं. हे मला नक्की आठवतंय. इथे सपाटच होतं."

"हो. सपाटच होतं," मामी उठत म्हणाली. "थोडंफार दिसत होतं तेव्हा मी इथे रोज थांबायचे आणि मागे वळून तुमच्याकडे बघायचे. तुम्ही कधी मान वर केली नाहीत. पण मी बघायचे. ती जागा मला पाहिजे."

मामानं ट्रॅक्टर बंद केला. इतकी शांतता झाली की इंजिनाच्या लोखंडाचं निवणं ऐकू येत होतं. तो खाली उतरला, फळीपाशी आला आणि उकिडवा बसला.

"मला बघवत नव्हतं तुला जाताना," तो म्हणाला. "म्हणून मी मान खाली घालायचो."

"माहीत आहे," मामी म्हणाली. "चालू करा आता. ऊन उतरेल."

तो ढीग इतर ढिगांपेक्षा जरा मोठा पडला. मामानं तो मुद्दाम तसा टाकला असावा.

मामी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला जायला लागली, एकटी. गावात अर्थातच बोभाटा झाला की सपाटला आता वयानं झेपत नाही, स्वतःच्या शेतात ढीग टाकले. चौकात एकानं ते मामाच्या तोंडावर ऐकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "दहा टाकलेत. मोजून."

परवा मीही रोपवाटिकेत पिशव्या भरायला गेले होते. मामीच्या चार भरून होतात तोवर माझी एक होते. तिच्यामागून येताना मी बघितलं होतं, त्या मोठ्या ढिगावर ती चढली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. तिला काय दिसणार होतं? मला राहवेना, मी विचारलं, "मामी, तिथे थांबून काय करतेस?"

"तुझा मामा बघतोय का ते बघते."

"आणि ते कसं कळतं?"

"ठोकणं थांबतं," ती म्हणाली, आणि पुढच्या पिशवीचं तोंड चिमटीनं उघडलं.